सुट्या भागांतला भाऊ

चिचटोला घाट
१२ फेब्रुवारी २०२३

राजदीप,
जय भीम.

गोणपाटात बांधलेली ही जड वस्तू बॉम्ब नाही, पिस्टन आहे. आधीच सांगते, कारण जीपवाला निकेश ती हातात घ्यायलाच तयार नव्हता. "ताई, नाक्यावर फारेस्टवाल्याइनं उतरवलं त काय सांगू मी?" मी म्हटलं, सांग, चंद्रपूरच्या मोठ्या माणसाने बहिणीकडून मागवलंय. तेव्हा कुठे त्याने ती सीटखाली ढकलली. जुना नमुना हातात घेतल्याशिवाय दुकानदार बरोबर मापाचा माल देत नाही, हे तुझंच म्हणणं. बाकीचं फोनवर सांगायला गेले, तर तू म्हणालास, "ताई, मीटिंगमध्ये आहे, लिहून पाठव." म्हणून हे पत्र. तुला वेळ नसेल तर दुकानदाराला वाचायला दे. त्याला निदान पिस्टनपुरता तरी रस असेल.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत धान ओतत होते. नाव पाहून हात थांबला. तू कोणी गेल्याशिवाय फोन करत नाहीस, म्हणून मनातल्या मनात गावातली सगळी म्हातारी माणसं आठवून पाहिली. सगळी जागेवर होती. मग तू म्हणालास, "शाळेमागे ती पुराच्या वेळची बोट पडली आहे ना, ती आपण चालू करू. लागतील ते पार्ट मी पाठवतो." तू आता 'करून राह्यलो' म्हणत नाहीस. 'करत आहे' म्हणतोस. छान वाटतं, रेडिओ लागल्यासारखं.

बोट तुला आठवते का, की तुला फक्त ती पडली आहे एवढंच आठवतं? त्या मोठ्या पुरात साहेब लोक तीत बसून आले, बिस्किटं वाटली, फोटो काढले. पाणी उतरलं तसे साहेब जीपने गेले आणि बोट इथेच राहिली. तेव्हापासून तीत कोंबड्या बसतात, आणि उन्हाळ्यात आशाबाई मोहफुलं वाळवते. म्हणजे सरकारी मालमत्तेचा गावाला जेवढा उपयोग होतो, त्यापेक्षा बराच जास्त झाला.

काल लटारूभाऊला बोलावून तिचं इंजिन उघडलं. लटारूभाऊ आपला डोंगा घाटावर चालवतो हे तुला ठाऊक आहेच, पण तो इंजिनांचा डॉक्टरही आहे, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत आहे. आजवर त्याने जेवढी इंजिनं उघडली, ती सगळी अजून उघडीच आहेत. झाकण काढलं तर आत मुंगसाचं घर. लटारूभाऊने नाडी पाहिल्यासारखा हात लावला आणि म्हणाला, "ताई, इंजिन गेलं. पन बोटीचं आंग बाकी जवान हाय."

म्हणून मी गिरणीतलं जुनं डिझेल इंजिन द्यायचं ठरवलं. विजेची मोटार आल्यापासून ते कोपऱ्यात बसून आहे. तुझ्या भावजींचं इंजिन. ते गेले, पण ते इंजिन कोणाला विकायला माझं मन झालं नाही, आणि आता एका फोनवर बोटीला देऊन टाकलं. कारण विचारू नकोस.

पिस्टन घासलाय, रिंगा ढिल्या आहेत, लायनरला आतून ओरखडे आहेत. हँडल मारलं की नुसता धूर. तू स्वतः माल घेऊन आलास तर बघशीलच. नाही जमलं तर जीप आहेच.

तुझी ताई


९ मार्च

राजदीप,
जय भीम.

पिस्टन, लायनर, रिंगा, सगळं पोचलं. नवे, खोक्यात, तेलाच्या कागदात गुंडाळलेले. निकेशने खोकी माझ्या ओट्यावर ठेवली तेव्हा आशाबाई बसलेली होती. तिला वाटलं साडी आली. मी खोकं उघडून लायनर बाहेर काढला तर म्हणते, "असा कसा वं तुहा भाऊ? बहिनीले पायप पाठवते." मी म्हटलं, याला पाइप म्हणत नाहीत, याच्यात पिस्टन नांदतो. तर म्हणते, "मंग नांदू दे बापा, तुह्या घरात कोनी त नांदू दे."

तिला काय सांगू? लग्नात माझ्यासोबत तूही आंदणात आला होतास. आई गेलेली, बाबांना दिसेनासं झालेलं. सासरच्यांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही ठेवून घेतलं. हे तुला माहीत आहे. मी लिहिते आहे ते तुझ्यासाठी नाही, दुकानदार वाचत असेल तर त्याला कळावं म्हणून.

तुझ्या भावजींच्या पुण्यानुमोदनाला तू आलास तो गाडी बंद न करता. दारात गाडी धडधडत होती आणि आत भंतेजी सुत्त म्हणत होते. तेव्हापासून तू आला नाहीस. आणि आता महिनाभरात तुझ्याकडून इतकं येतंय. मला वाटतंय, भाऊ परत येतोय, सुट्या भागांत. आधी पिस्टन, मग लायनर. असाच येत राहिलास तर दिवाळीपर्यंत पूर्ण जोडून होशील.

लायनर बसवताना मात्र तमाशा झाला. तो ब्लॉकमध्ये जाईना. लटारूभाऊ म्हणाला, "गोवऱ्या पेटवून ब्लॉक गरम करतो, मंग जाते सरकन." मी म्हटलं, भाऊ, डिझेलचं इंजिन आहे, वांग्याचं भरीत नाही. शेवटी उकळतं पाणी ओतून ब्लॉक तापवला, वर सागाचा ठोकळा ठेवला आणि हळूहळू ठोकत उतरवला. बसला तेव्हा लटारूभाऊ म्हणाला, "मी मनलो होतो ना, गरम करा लागते." आता गावभर लायनर त्यानेच बसवलाय.

तुझ्या चिठ्ठीत लिहिलंयस, "बोटीला निळा रंग दे, गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिही, फोटो पाठव. फोटोत तू दिसली पाहिजेस." फोटो पाठवते आहे. निळी साडी नेसले होते. ती बोटीच्या रंगाला जुळावी म्हणून नेसले, दुसरं काही कारण नाही.

आता पुलाचं. हे मी प्रत्येक वेळी विचारायचं ठरवते आणि प्रत्येक वेळी पिस्टनवर बोलून थांबते. तू साहेबांत ऊठबस करतोस. नदीच्या अलीकडे गडचिरोली, पलीकडे चंद्रपूर, त्यामुळे आपला पूल अर्धा याचा, अर्धा त्याचा आणि पूर्ण कोणाचाच नाही, हे खरं. पण मोजणी झाली होती, दगड रोवून गेले होते. तहसीलसमोर उपोषणाला बसलो तेव्हा तू माझ्या शेजारी होतास. मिसरूड फुटलेली नव्हती, पण घोषणा तुझीच सगळ्यात मोठी. ब्रह्मपुरीच्या बाजारापर्यंत पायी जाता येईल असा पूल पाहायचा आहे, एवढंच माझं मागणं. फाइल कुठे अडलीय तेवढं बघशील?

सोबत नोझल पाठवते, नमुन्याला. डिझेल फवारण्याऐवजी थुंकते आहे. गिअरबॉक्सही जाम आहे. लटारूभाऊ म्हणतो, काढूनच टाकू, इंजिन थेट पंख्याच्या दांड्याला जोडू.

तुझी ताई


१७ एप्रिल

राजदीप,
जय भीम.

नोझल पोचलं, बसलं, आणि जयंतीच्या दिवशी बोट पाण्यात उतरली. तू येशील म्हणून विहारासमोरचं भाषण आम्ही थोडं लांबवलं होतं. लांबवलेलं भाषण काय असतं ते तुला माहीत आहे, आता तूही करतोस.

मिरवणूक विहारापासून थेट घाटावर नेली. बोटीला झेंडे, पताका, पुढच्या टोकाला बाबासाहेबांचा फोटो आणि हार. आशाबाईच्या धानरोवणीच्या टोळीतल्या बाया आधी बसल्या, कारण यंदा पलीकडे रोवणीला त्यांनाच जायचंय. लटारूभाऊने नदीला हात जोडले, हँडल मारलं, आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. काय आवाज होता, राजदीप! गिरणीत रोज ऐकलेला आवाज नदीवर कसा वेगळाच वाटतो. मी थोडी बाजूला जाऊन उभी राहिले. डिझेलचा धूर डोळ्यांत जातो.

मग दोर सोडला आणि बोट मागे चालू लागली.

घाटाला लावताना तोंड नदीकडे केलेलं होतं. म्हणजे मागे जाणं म्हणजे पुन्हा घाटावर येणं. पुढे हार, पताका, बाबासाहेबांचा फोटो पलीकडच्या तीराकडे बघतोय, आणि बोट ढुंगणाने घाट चढायला निघालेली. ढोलवाले पळाले. आशाबाई ओरडली, "लटारू, काऊन गा वापस नेऊन राह्यला? आमी आताच त बसलो!" लटारूभाऊ म्हणाला, "गरम होऊन राह्यलं, मंग जाईल पुढं." इंजिन गरम झालं, आणि बोट अजून जोरात मागे गेली.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. गिरणीत आपण पट्टा ज्या बाजूने घालतो, त्याच बाजूने लटारूभाऊने बोटीचा दांडा जोडला. आपल्याला इंजिनाची दुसरी बाजू माहीतच नाही. गिरणीला काय, चाक कुठूनही फिरो, तांदूळ निघाला की झालं. पण बोटीचा पंखा उलटा फिरला की बोट उलटी जाते. या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या डोंगा चालला, त्याला पंखाच नव्हता, म्हणून कोणाला हे सुचलं नाही. गिअरबॉक्स असती तर बदलता आलं असतं, तीही आम्हीच काढून फेकलेली. आता इंजिन फिरवून बसवायचं तर खालचा पाया तोडावा लागतो, नाहीतर उलट्या पात्यांचा पंखा हवा.

शेवटी आशाबाईनेच मार्ग काढला. "तोंड फिरवून बसा वं सगळ्या. जिकडं जाते तेच पुढं." बोट ढकलून मागचं टोक नदीकडे केलं, बाया फिरून बसल्या, बाबासाहेबांचा फोटो मागच्या टोकाला बांधला, तेच आता पुढचं टोक झालं, आणि बोट रुबाबात पलीकडे जाऊन आली. पलीकडच्या लोकांना वाटलं चिचटोल्यात अशाच बोटी असतात.

तुला उलट्या पंख्याबद्दल विचारलं, तर तुझी चिठ्ठी आली: "मागे का होईना, चालते ना? बस. चालत्या बोटीचा फोटो पाठव, बायका भरलेल्या दिसू दे." पाठवलाय. पुलाबद्दल मी विचारलेलं बहुतेक तुला दिसलं नाही. फक्त तळाशी तीन शब्द होते, "आधी बोट, ताई."

तुझी ताई


१२ मे

राजदीप,

जय भीम नंतर लिहीन. आधी लिहून होते का ते बघते.

परवा तालुक्याच्या सभागृहात आमचा सत्कार झाला. तुला माहीतच आहे, तू पहिल्या रांगेत होतास. पण तू चहाच्या आधी उठून गेलास, म्हणून पुढचं सांगते.

बोलावणं आलं तेव्हा आशाबाईने नवी साडी काढली. आम्ही दोघी स्टेजवर. मे महिन्यात, आपल्या जिल्ह्यात, लोकरीची शाल. सरकारला कामं करायला ऋतू मिळत नाही, पण शाल द्यायला कुठलाही चालतो. तालुक्याचे साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "चिचटोल्याच्या या भगिनींनी लोकसहभागातून स्वतःची मोटारबोट सेवा सुरू केली, आणि शासनाचा एक पूल वाचवला!"

टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या, राजदीप. आपल्याला खड्ड्यात गाडताहेत आणि आपण माती लोटायला मदत करतोय, असं माझं झालं. आशाबाई माझ्या कानाशी लागली, "पूल वाचवला म्हंजे काय वं?" मी म्हटलं, कळेल. तिला माझ्याआधी कळलं. "म्हंजे आता बांधायचा नाई?"

चहाला साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, आम्ही वाचवलेला पूल कुठे ठेवलाय?" साहेब सज्जन आहेत, खरंच सज्जन, त्यांना वाटलं मी कौतुक ऐकायला आले. म्हणाले, "तो सोनटोल्याला दिला ताई. तुमच्याकडे बोट असल्यावर पुलाची निकड राहत नाही ना. राजदीपभाऊंनीच फोटो दाखवले. म्हणाले, माझ्या बहिणीच्या गावाने मन मोठं केलंय."

सोनटोला. तिथे माणसं राहत नाहीत, ट्रॅक्टर राहतात. तिथे शाळा नाही, विहार नाही, देऊळ नाही, रेती आहे. आणि ती रेती कोण उपसतो हे साहेबांनी सांगायची गरज पडली नाही, ट्रॅक्टरांवर तुझं नाव आहे. पुलावरून तुझे ट्रॅक्टर थेट ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागतील. आता पूल कोणासाठी हे मला कळलं. बोट कोणासाठी होती तेही कळलं.

मी रात्रंदिवस एकच गोष्ट घोकते आहे. तुला मला फसवायचंच होतं, तर खोटं बोलून फसवायचंस. फोन करायचास, "ताई, पूल होत नाही," म्हणायचंस. मी रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या महिन्यात विसरून तुझ्यासाठी लाखोळीची डाळ पाठवली असती. पण तू मला पिस्टन पाठवलास. तू खऱ्या मापाचा, अस्सल, खोक्यातला पिस्टन पाठवलास. फसवणाऱ्या माणसाचा माल तरी नकली असावा, राजदीप. तुझा एकही भाग खोटा निघाला नाही. इंजिन अजून झकास चालतं. मला राग कशावर काढायचा तेही कळेना.

निळी साडी नेसून मी ज्या फोटोत हसतेय, तो फोटो तू साहेबांच्या टेबलावर ठेवलास. मी तुझ्यासाठी हसले होते. साहेबांसाठी नव्हे.

संघप्रिया


४ जून

राजदीप,
जय भीम. हे तुझ्यासाठी नाही, बाबासाहेबांसाठी लिहिते.

गावात आता मला 'पूलखाऊ बाई' म्हणतात. समोर म्हणत नाहीत. धान मात्र माझ्याकडे कांडायला आणत नाहीत, डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला जातात. लटारूभाऊ चौकात सांगतो, "मी त पयलेपासून मनून राह्यलो, इंजिनात काई खरं नाई." लायनर आता मी एकटीने बसवलाय.

ग्रामसभेत अर्धे लोक म्हणाले बोट जाळा, अर्धे म्हणाले बुडवा. मी म्हटलं, थांबा, आधी विचारून येते. साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, बोट बंद पडली तर?" म्हणाले, "दुरुस्तीला अनुदान आहे." म्हटलं, "बुडाली तर?" म्हणाले, "नवीन बोटीचा प्रस्ताव देऊ." मग समजावून सांगितलं, "ताई, एकदा सेवा सुरू झाली की ती सेवा असते. बंद असली तरी." बंद शाळा शाळाच असते, बंद दवाखाना दवाखानाच असतो, तशी बंद बोट ही बोटच. चालती बोट आमचा पूल घेऊन गेली, आणि मोडलेली बोटही तो परत देणार नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तीत बोट दिसली की कागदावर 'सेवा उपलब्ध' पक्कं होणार.

त्याच दिवशी निकेश तुझा माल घेऊन आला. आता आला उलट्या पात्यांचा पंखा! पितळी, चकचकीत. मी एप्रिलमध्ये मागितला होता. चिठ्ठी होती, "तपासणीच्या दिवशी बोट सरळ चालली पाहिजे." निकेशला म्हटलं, परत ने. तो म्हणाला, "ताई, भाऊ रागावते." मी म्हटलं, रागावू दे, अजून रागावायची सुरुवात व्हायची आहे.

संध्याकाळी आशाबाईच्या ओट्यावर बाया जमल्या. मी मध्ये. आशाबाईने माझी पाठराखण केली नाही, आणि मला तिचं तेच बरं वाटलं. म्हणाली, "तुह्या भावाच्या पायी आमचा पूल गेला. आता त्याच्या बोटीत बसाचं की डोंग्यात मराचं, ते बी तूच सांग."

मी म्हटलं, बोट आपली नाहीच, तर आपण काय सांगणार? शाळेमागे पडली होती म्हणून आपण उचलली.

आशाबाई हसली. "मंग चोरीची हाय मनून सांग ना सरकारले!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग हसणं हळूहळू ओसरलं, आणि सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण मी हसायची थांबले होते.

मी विचारलं, "बोट गेली तर यंदा रोवणीला डोंग्याने जावं लागेल. चालेल?"

आशाबाईने तंबाखू चोळून तोंडात टाकला. मग म्हणाली, "डोंग्यानं त जनम गेला. पूल येत असन त एक पावसाळा अजून जाऊ दे."

संघप्रिया


२४ जून

राजदीप,

पोलीस स्टेशनात मी गेले तेव्हा जमादार पंख्याखाली बसले होते. माझं बोलणं असं झालं.

"काय चोरीले गेलं, ताई?"

"बोट."

"कवा?"

"फेब्रुवारीत."

"एवढ्या उशिरा काऊन आल्या? कोनावर संशय?"

"माझ्यावर."

जमादारांनी आधी पाणी मागवलं, माझ्यासाठी. उन्हाचे दिवस आहेत, बाईच्या डोक्यात गेलं असेल, असा त्यांचा चेहरा होता. मी सांगितलं: सरकारी बोट, परवानगी न घेता उचलली, इंजिन बदललं, रंग दिला, आणि बायांना बसवून चालवली. साक्षीदार गावभर आहेत, फोटो साहेबांच्या कचेरीत आहेत. घाटावर येऊन पंचनामा करा. त्यांनी दोनदा घरी जायला सांगितलं, मी दोन्ही वेळा तिथेच बसले. तिसऱ्यांदा त्यांनी पंचनाम्याचे कागद काढले.

तपासणीच्या आदल्या दिवशी बोट जप्त झाली. हँडलला लाखेचं सील, बाजूला पाटी. दुसऱ्या दिवशी साहेब आले, सीलकडे पाहत राहिले. जप्त मुद्देमालाला 'सेवा' लिहिता येत नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आमच्या पुलाची निकड आता परत उभी राहिली आणि पूल पुन्हा 'विचाराधीन' झालाय. आपल्याकडे विचाराधीन म्हणजे श्वास चालू आहे. तेवढं आम्हाला पुरतं. लटारूभाऊचा डोंगा पुन्हा भरभरून चाललाय आणि तो म्हणतो की जप्तीची कल्पना मूळ त्याची.

परवा तुझा फोन आला. खूप दिवसांनी तू 'करून राह्यलो' म्हणालास, ते माझ्या लक्षात आलं. "ताई, मी सगळं नीट करून राह्यलो. फक्त माझं नाव घेऊ नको. यंदा तिकिटाची बोलणी चालू आहेत, केस झाली तर रेतीघाटही जाईल. पूल मीच परत आणून देतो, शब्द देतो." मी काहीतरी म्हटलं, पण गिरणी चालू होती, तुला ऐकू गेलं नसेल. गिरणीवर धान यायला लागलंय, हे तेवढ्यात सांगून टाकते.

काल जबाबाला बोलावलं होतं. जमादार चांगला माणूस आहे, वाईट माणसाला 'नाही' म्हणणं सोपं जातं. म्हणाले, "ताई, तुमी एकट्या बाईमानूस, हेतू चांगला. सुटे भाग कोनं आनले ते नाई सांगितलं त मी 'गैरसमज' लिहितो आन बोट गावाले वापस करतो. तुमचं बी भलं, गावाचं बी भलं, आन..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तू त्यांनाही फोन केला होतास, एवढं मला कळलं.

बोट गावाला परत म्हणजे सेवा परत. सेवा परत म्हणजे पूल सोनटोल्याला.

मी म्हटलं, "भाग एका माणसाने पाठवले. बोट चालू करायलाही त्यानेच सांगितलं. लिहा."

त्यांनी पेन उघडलं. "पूर्न नाव?"

मी सांगितलं. तुझं, बाबांचं, आडनाव. मूळ गाव विचारलं, तेही सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही सांगितली, खरी आणि कागदावरची, दोन्ही. एका दमात. सांगता सांगता माझा आवाज मला ओळखीचा वाटायला लागला. लग्न होऊन इथे आले त्या वर्षी मी तुला इथल्या शाळेत घालायला नेलं होतं. गुरुजींच्या टेबलासमोर उभी राहून असंच सगळं एका दमात सांगितलं होतं, अडखळले तर घेणार नाहीत या भीतीने. तू माझा पदर धरून मागे उभा होतास. त्या दिवशी मी अडखळले नव्हते. कालही अडखळले नाही.

जमादार लिहीत होते. "तुमच्याशी नातं?"

"भाऊ."

"सख्खा का मानलेला?"

मी जराशी थांबले. त्यांना वाटलं मी नाव मागे घेते आहे. त्यांनी पेन कागदावरून उचललं.

"सख्खा," मी म्हटलं. "लिहा."

संघप्रिया